लसीच्या पेटीतला गारठा

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही, कपड्यांची नाही, मतांची तर मुळीच नाही, लसीची. निळ्या प्लॅस्टिकची, गुडघ्याएवढ्या उंचीची, खांद्याला अडकवायला पट्टा असलेली. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं आहे, पण तेव्हा तुमचं सगळं लक्ष सुईकडे होतं, त्यामुळे आपली ओळख राहून गेली. ती आज करून देते. सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं सुखाचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ तापलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतलं, एकात एक अशा दोन भिंती झाल्या, त्यांच्यामध्ये फेस भरला. तो फुगला आणि घट्ट बसला. माणसांची पोरं जन्मल्यावर त्यांचं वजन करतात, माझी थेट परीक्षाच घेतली. पोटात बर्फ आणि तापमापक ठेवून मला एका भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत दीड दिवस बसवलं. माझ्या रांगेतल्या दोघी नापास झाल्या आणि भंगारात गेल्या. मी मात्र टिकले. तपासनिसानं माझ्या झाकणावर शिक्का मारला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही गार ठेवेल."

तेवढे तीन शब्द मी आयुष्यभर मिरवले. माणसाला आपल्या गुणाचाच गर्व असतो आणि मी माणसांच्या हातून घडलेली, मी तरी कशी वेगळी असणार.

तिथून मी एका आरोग्य केंद्रात आले. लांबट ओसरी, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर सोललेला रंग आणि ओसरीच्या टोकाला स्टोअरची खोली. त्या खोलीत लसींचा फ्रीज, आइसपॅक गोठवायचा डीप फ्रीझर, एक लाकडी टेबल आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचा कागद. या राज्याचे राजे म्हणजे स्टोअरकाका. अंगानं किरकोळ, नाकावर घसरलेला चष्मा, आणि हातात कायम फडकं. फ्रीजचं दार कुणी उगाच उघडलं तर घरात चोर शिरल्यासारखे धावून यायचे.

लसीकरणाच्या दिवशी काका सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे. फ्रीझरमधून आइसपॅक काढायचे, टेबलावर ओळीनं मांडायचे आणि समोर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. आइसपॅक म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. त्यांच्यावर पांढरं हिव साठलेलं असायचं, मग ते विरघळून थेंब धरायचे, टेबल ओलं व्हायचं. काका मधूनच एक पॅक उचलायचे, कानाशी धरून हलवायचे आणि परत ठेवायचे. आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच तो माझ्या पोटात जायचा. बाहेर नर्सबाया बॅगा घेऊन ताटकळत उभ्या असायच्या. एकीनं चिडवलं होतं, "काका, बर्फ कानात काय सांगतो?" तर म्हणाले, "म्हणतो, मी अजून दगड आहे, जरा दमानं घ्या."

त्यांचं कारण मी एकदा नीट ऐकलं. फ्रीझरमधून निघालेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो. तो तसाच लसीच्या बाटलीला टेकला की लस थिजते. गोवराच्या किंवा पोलिओच्या थेंबांच्या लसीचं त्यानं काही बिघडत नाही, पण डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांच्यावर तान्ह्या बाळाला जी एकत्र टोचतात, ती एकदा थिजली की तिचा गुण जातो. पुन्हा पातळ होते, दिसायला तशीच दिसते, पण उपयोग संपलेला असतो. बाटलीच्या चिठ्ठीवर एक फिकट चौकोन असतो. लसीला ऊन लागलं की तो काळवंडतो आणि चाडी करतो. गारठ्याची चाडी करणारं मात्र बाटलीवर काहीच नसतं.

मला खांद्यावर घेऊन फिरायच्या त्या सिस्टर. नाव असेलच त्यांना, पण चार वस्त्यांत सगळे 'सिस्टर' एवढंच म्हणत. जीभ तिखट आणि हात हलका. उशीर करणाऱ्या आईला त्या सगळ्यांसमोर झापायच्या आणि त्याच दमात तिच्या पोराला अशी सुई टोचायच्या की पोराला रडायचं सुचेपर्यंत काम झालेलं असायचं. दर वेळी नव्या आया यायच्या आणि दर वेळी सिस्टर तेच सगळं पुन्हा सांगायच्या. मी बाकावर शेजारीच बसलेली असायचे, त्यामुळे मला ते तोंडपाठ आहे.

त्या सांगायच्या, बाळ पोटात असतं तेव्हा आई त्याला शिदोरी बांधून देते. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला ओळखून त्याला धरणारे रखवालदार, नाळेतून बाळाकडे जातात, सगळ्यात जास्त शेवटच्या महिन्यांत. आईनं जे सोसलंय किंवा जे टोचून घेतलंय, त्याचीच शिदोरी असते. जे आईकडेच उरलेलं नाही, ते ती देणार कुठून? आणि शिदोरी ती शिदोरी, जन्माला पुरत नाही. गोवराची बरेच महिने टिकते, डांग्या खोकल्याची दोन-तीन महिन्यांत संपत येते. ती संपायच्या आत बाळाला स्वतःचा स्वयंपाक शिकवायचा, म्हणून लस. पहिल्या डोसाला बाळाचं शरीर शत्रूचा चेहरा बघतं आणि विसरूनही जातं. दुसऱ्याला म्हणतं, याला कुठंतरी पाहिलंय. तिसऱ्याला पक्का ओळखतं. म्हणून सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा, एकही चुकवायचा नाही. "आणि ज्याला ही सबब, ती सबब सांगायची असेल," त्या शेवटी म्हणायच्या, "त्यानं ती त्या जंतूला सांगावी. तो ऐकतो का बघा."

बायका हसायच्या, पण पुढच्या वेळी वेळेवर यायच्या.

मग एका वर्षी उन्हाळ्यात सिस्टरची स्कूटर भर दुपारी रस्त्यात बंद पडली. त्या दिवशी मी नव्हते, माझी थोरली बहीण होती, जुनी, झाकण सैल झालेली. दोन तास उन्हात उभं राहून सिस्टर वस्तीत पोचल्या तेव्हा बाटल्यांवरचे चौकोन काळे पडले होते. पस्तीस बाळं तशीच परत गेली. वरचे साहेब भेटीला आले आणि त्यांनी ओसरीवर सगळ्यांदेखत सिस्टरना बोल लावला. नोकरीच्या वीस वर्षांत त्यांनी कुणाचा शब्द ऐकला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी उन्हाची धास्ती घेतली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं.

पुढच्याच वर्षी काका निवृत्त झाले. त्यांना शाल दिली, फोटो काढला, आणि त्यांच्या जागी कुणालाच नेमलं नाही. स्टोअरची किल्ली सिस्टरच्या कमरेला आली. सकाळी फ्रीज बघायचा, कागद भरायचा, बाटल्या मोजायच्या, मला भरायचं, स्कूटरवर वस्तीत पोचायचं आणि तिथं टोचायचंही त्यांनीच. टेबलासमोर तासभर बसून राहायला वेळ कुणाकडे होता? काकांचं ते कानाशी धरणं त्यांना म्हातारपणाचा चाळा वाटायचा. शिकवणी झाली होती तेव्हा त्यांना हे कुणीतरी सांगितलं असेल, पण ते एक वाक्य वीस वर्षांखाली गाडलं गेलं होतं.

त्या फ्रीझरमधून पॅक काढायच्या, हिवानं पांढरे झालेले, बोटाला चिकटणारे, आणि तसेच माझ्या चारी भिंतींना लावायच्या. मध्ये बाटल्यांची पिशवी. झाकण लावलं की वरून थोपटायच्या. "आता येऊ दे किती ऊन यायचं ते," असं एकदा म्हणाल्याही.

मला कळत होतं. माझ्या पोटात दगड होते आणि ते आपापसात वाजत होते, पाण्याचा आवाज नव्हता. अर्ध्या वाटेत बाटल्या थिजल्याचं मला समजायचं. आणि मी काय करत होते? मी गार ठेवत होते. त्याच कामासाठी मला घडवलेलं, त्याच कामात मी पहिली आलेली. जरा सैल झाकणाची, जरा कामचुकार असते, तर बाहेरचं ऊन आत शिरून कदाचित बरं झालं असतं. मी एक कणभर ऊन आत येऊ दिलं नाही. अति तिथे माती म्हणतात, ते मला फार उशिरा कळलं.

वस्तीत पोचेपर्यंत पॅक थोडे विरघळलेले असायचे, सिस्टर सावकाशीनं आधी नोंदी करायच्या, तेवढ्यात बाटल्या पुन्हा पातळ झालेल्या असायच्या. त्या चौकोन बघायच्या. पांढराशुभ्र. समाधानानं मान हलवायच्या आणि सुई भरायच्या.

ठमी आली ती याच दिवसांत. तिचं बारसं झालेलं नव्हतं, गाल मोठे म्हणून आजीनं ठमी म्हणायला सुरुवात केली होती. आई शिवणाच्या कारखान्यात काजं करायची, वडील दूर रस्त्याच्या कामावर, महिन्याकाठी येणारे. घरात आजी आणि सून, आणि आता ही. तशी सासू-सुनेची कुरबूर वस्तीला ठाऊक होती, पण ठमीच्या बाबतीत दोघींचं एकमत असायचं.

आजी आठवडे मोजत होती. सहावा पुरा झाला त्याच दिवशी, सिस्टरची स्कूटर उभी राहायच्या आधी दोघी ठमीला घेऊन हजर. सिस्टर म्हणाल्या, आजीबाई, तुमच्यासारख्या सगळ्या असत्या तर माझा घसा वाचला असता. तेव्हा आजीनं सांगितलं. तिचा पहिला मुलगा चार महिन्यांचा असताना डांग्या खोकल्यानं गेला. खोकता खोकता निळा पडायचा, मग श्वास यायचा, मग पुन्हा खोकला. ती राहायची तिथवर तेव्हा लस पोचलेली नव्हती. हे तिनं सुनेलाही कधी सांगितलं नव्हतं. सून तिच्याकडे बघतच राहिली.

टोचताना आजीनंच ठमीचे पाय धरले. ठमी आधी चकित झाली, मग रडली, चांगली खणखणीत. आई तिला खांद्यावर घेऊन वस्तीतल्या अंगणवाडीच्या ओसरीभर फिरली आणि म्हणत राहिली, झालं हं, झालं, आता काही होणार नाही तुला. माझ्या पोटात त्या बाटलीत उरलेले डोस होते. मी ऐकत होते.

दहाव्या आठवड्याला पुन्हा तसंच. ऊन त्याहून कडक, पॅक त्याहून टणक. ठमी आता माणसं ओळखायला लागली होती. सिस्टरना बघून हसली, सुई लागल्यावर विश्वासघात झाल्यासारखी त्यांच्याकडे बघत रडली. आजीनं कार्डावरची दुसरी सही बोटानं चाचपून बघितली. दोन झाले, एक राहिला, असं दोघी एकमेकींना सांगत गेल्या.

त्यानंतर ठमीच्या आईला खोकला झाला. कारखान्यात कापडाची लव उडते, कुणी ना कुणी खोकतच असतं. मोठ्या माणसाचा डांग्या खोकला हा दिसायला साधाच खोकला असतो, फक्त जाता जात नाही. तीन आठवडे ती खोकली, कामावर गेली, घरी येऊन पोरीला जवळ घेतलं. घ्यायलाच हवं, अंगावर पिणारं पोर.

तेराव्या आठवड्यात ठमीला सर्दी झाली. एवढ्या लहान बाळाला मोठ्यांसारखं खोकताही येत नाही. ती मध्येच गप्प व्हायची, ओठ निळे व्हायचे, श्वास थांबायचा. आजीनं ते एकदा बघितलेलं होतं, त्यामुळे तिनं एक क्षण दवडला नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी सकाळी ठमी गेली.

मी स्टोअरमध्ये शेल्फवर होते. सिस्टरना फोन आला. त्यांनी तो ऐकला, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि त्या दिवसाचं तापमान कागदावर लिहिलं. मग लिहिलेलं वाचलं आणि खोडून पुन्हा लिहिलं. आकडा तोच होता.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं होतं की दोन डोस झालेले असले तरी तिसरा बाकी होता, आणि दुर्दैवानं असं कधी कधी घडतं. ते खोटं नव्हतं. पण त्यांनी असंही विचारलं होतं, की घरात कुणाला खोकला होता का? विचारणं त्यांचं कामच. ठमीच्या आईनं तेवढंच ऐकलं. वस्तीतली एक बाई पुढच्या वेळी सिस्टरना सांगून गेली, की तिनं काम सोडलंय, आणि खोकला केव्हाच गेला तरी तोंडाला फडकं बांधून बसते. घरात बोलतानाही फडकं सोडत नाही. सासू म्हणते सोड, तर मान हलवते.

पंधरा दिवसांत आणखी एक बाळ खोकत आलं. सहा महिन्यांचा, अंगानं बळकट मुलगा, तो बरा झाला. पण सिस्टरनी त्याचं कार्ड उघडलं तर तिन्ही डोस झालेले, तिन्हींवर त्यांचीच सही. मग त्यांनी काकांना फोन लावून दोन्ही बाळांचं सांगितलं. इकडचं तिकडचं काही न बोलता काकांनी विचारलं, "सिस्टर, पॅक हलवून बघत होतात ना?"

सिस्टरनी उत्तर दिलं नाही. काका समजायचं ते समजले. त्यांनी हळू आवाजात, घाई न करता परीक्षा सांगितली. त्याच खेपेची एक बाटली मुद्दाम फ्रीझरमध्ये गोठवायची, ती वितळू द्यायची. मग ती आणि वस्तीतून परत आलेली बाटली, दोन्ही एकाच हातात धरून जोरात हलवायच्या आणि उजेडाला ठेवायच्या. थिजलेल्या लसीत कण धरतात आणि भराभर तळाला बसतात, वर पाणी निवळ दिसतं. चांगली लस मात्र बराच वेळ गढूळ राहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओसरी रिकामी झाल्यावर, सिस्टरनी स्टोअरचं दार लोटून घेतलं. दोन्ही बाटल्या हलवल्या आणि खिडकीच्या चौकटीत ठेवल्या. समोर काकांच्या खुर्चीत बसल्या. मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत कण खाली यायला लागले. दुसऱ्या बाटलीतही यायला लागले, त्याच वेगानं. पाव तासात दोन्ही बाटल्या सारख्या दिसत होत्या. तळाला पांढरा गाळ, वर निवळ पाणी. सिस्टरनी पुन्हा हलवल्या. पुन्हा तसंच झालं. चार वेळा हलवल्या त्यांनी, आणि मग खुर्चीवरून उतरून फरशीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मलाही रडता आलं असतं तर मी रडले असते. माझं पाणी नेहमी उसनंच असतं.

त्यांनी साहेबांना सगळं कळवलं. साहेब वाटतात तेवढे वाईट नव्हते. ते म्हणाले, आता गाजावाजा नको. लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला तर याहून जास्त बाळं जातील. या पाच-सहा महिन्यांतली सगळी मुलं जादा डोस आहे म्हणून बोलवा आणि नीट टोचा. सिस्टर हो म्हणाल्या. शहाणपणाचंच होतं ते. सगळी बाळं वाचली असती, सिस्टरचं नाव राहिलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. फक्त एक बाई जन्मभर तोंडाला फडकं बांधून बसली असती.

दोन दिवस सिस्टर नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खांद्याला लावलं आणि अंगणवाडीत न जाता स्कूटर ठमीच्या घरापाशी उभी केली.

एकच खोली होती. एका कोपऱ्यात शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं, दोरीवर वाळत घातलेले मोठ्यांचेच कपडे. आजी तांदूळ निवडत होती. ठमीची आई भिंतीला टेकून बसली होती, तोंडावर खरंच फडकं होतं. सिस्टर खाली बसल्या, मला शेजारी ठेवलं. मग त्यांनी माझं झाकण उघडलं, एक पॅक काढून दाखवला आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. कुठंही स्वतःला वाचवलं नाही. स्कूटर बंद पडल्याचं सांगितलं नाही, एकटीवर किती काम होतं तेही सांगितलं नाही. लस टोचली, पण ती थिजून मेलेली होती, आणि ती आपणच थिजवली, एवढं सांगितलं.

मग फडक्याआडून आईचा आवाज आला.

"म्हणजे ती दोनदा उगाच रडली?"

सिस्टर म्हणाल्या, "हो."

"आणि माझा खोकला?"

"खोकला तुमचाच असेल," सिस्टर म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं? जिला ठाऊक असायला हवं होतं ती मी. लस खरी असती तर बहुतेक तिच्यावर एवढं बेतलं नसतं."

आजीनं ताट बाजूला सरकवलं. "मी तिचे पाय धरले होते," ती म्हणाली. "घट्ट धरले होते, हलू नये म्हणून." मग म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हा लसच नव्हती. बोल लावायला कुणी नव्हतं. आता आहे."

"लावा," सिस्टर म्हणाल्या.

पण आजीनं लावला नाही. ती सुनेजवळ सरकली आणि तिच्या मानेमागची फडक्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, म्हाताऱ्या बोटांना सुटेना. सुनेनं हात वर नेऊन स्वतःच ती सोडली. तिचं तोंड मी त्या दिवशी किती तरी दिवसांनी बघितलं. गालांवर फडक्याचा वळ उमटला होता.

बाकीच्या मुलांचं काय, असं तिनं विचारलं. जादा डोस म्हणून बोलवणार आहोत, सिस्टर म्हणाल्या. तर ती म्हणाली, "नाही यायच्या बायका. झाले की तीन, आता जादा कशाला, म्हणतील. खरं सांगून बोलवा. मी सांगते त्यांना."

आणि तिनं सांगितलं. चप्पल घालून ती दारोदार गेली, मागून मला घेऊन सिस्टर. काही घरांनी सिस्टरना शिव्या घातल्या, एका बापानं माझ्यावर लाथ मारली, त्यात माझी बिजागरी तुटली. तो रागाला आला ते बरोबरच होतं. पण ज्या घरानं दार लावलं त्या घराला ठमीच्या आईनं एवढंच विचारलं, तुमच्याकडचं बाळ किती आठवड्यांचं? शिदोरी किती उरली असेल त्याची? मग दार उघडायचं. तिच्यापुढं कुणाला सबब सांगता येईना.

तीन लसीकरणाच्या दिवसांत सगळी मुलं पुन्हा टोचली; लस दुसऱ्या पेटीत होती, मी नुसती कार्डं ठेवायला सोबत जायचे. सकाळी काका स्वतः आले, निवृत्त माणूस, आणि सिस्टरच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. दोघं एकेक पॅक कानाशी धरत होते. खरं बाहेर पडलं म्हणून साहेब आधी चिडले, मग येऊन मागं उभे राहिले. वस्तीत ठमीची आई अंगणवाडीच्या दारात उभी असायची. एकेक बाळ रडलं की तिचे डोळे मिटायचे आणि ओठ हलायचे. ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही.

चौकशी झाली, व्हायलाच हवी होती. सिस्टरना दुसऱ्या गावी कागदपत्रांच्या कामावर पाठवलं. स्टोअरला पूर्णवेळ माणूस मिळाला. आता त्या भागात गरोदर बाईलाही डांग्या खोकल्याची लस देतात, म्हणजे आईकडेच शिदोरी भरपूर असते आणि बाळाला स्वतःचं शिकेपर्यंत पुरते. तेव्हा आमच्याकडे ती पद्धत नव्हती. असती तर, असा विचार मी करू नये असं ठरवते आणि करते.

तुटक्या बिजागरीची पेटी गारवा धरत नाही, म्हणून मला कामावरून काढलं. सध्या मी नर्सबायांच्या शिकवणी वर्गात एका टेबलावर असते. नव्या मुली मला उघडतात, बंद करतात, एकमेकींना हसतात. शिकवणाऱ्या बाई थिजलेल्या लसीचं सांगतात तेव्हा वहीत एक ओळ लिहून पुढं जातात. मला वाटतं, त्यांना हाक मारावी. पोरींनो, ती ओळ नाही, ते पोर होतं, त्याचे गाल मोठे होते. पण माझ्या गळ्यातून फक्त झाकणाची करकर निघते.

तुम्ही आई असाल, बाप असाल, तर लसीला भिऊ नका. चूक लसीची नव्हती. बाळाला वेळेवर न्या. पेटी भरणाऱ्या बाईला एकटीला सगळं करायला लावू नका, आणि तिनं थांबा म्हटलं तर बडबड न करता थांबा. ठमी दोनदा रडली आणि त्या रडण्याचं तिला काहीच मिळालं नाही. तुमचं पोर रडेल तेव्हा त्याच्या पदरात काहीतरी पडो.

येते मी.